संमिश्र संख्या : अंकगणित आणि समीकरणांची उकल

संमिश्र संख्या म्हणजे अ + ब·इ या रूपात लिहिता येणारी संख्या होय. येथे अ आणि ब या वास्तव संख्या असून इ हा काल्पनिक एकक आहे. या एककाचा वर्ग उणे एक असतो, म्हणजेच इ² = −१. आधुनिक पाठ्यपुस्तकांत हा एकक रोमन लिपीतील अक्षराने दर्शवितात. या लेखात त्यासाठी ‘इ’ हे अक्षर वापरले आहे. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसल्यामुळे क्ष² + १ = ० यासारख्या साध्या समीकरणालाही वास्तव संख्यांमध्ये उकल मिळत नाही. संमिश्र संख्यांमध्ये हे समीकरण सुटते, आणि त्याबरोबरच वास्तव किंवा संमिश्र सहगुणक असलेले एक किंवा अधिक कोटीचे प्रत्येक बहुपदी समीकरणही सुटते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता अकरावीच्या गणितात या विषयाचा समावेश आहे.

परिभाषा

अ + ब·इ या संख्येतील अ ला वास्तव भाग आणि ब ला काल्पनिक भाग म्हणतात. काल्पनिक भाग ही स्वतः एक वास्तव संख्याच असते. उदाहरणार्थ, ३ + ४इ या संख्येचा वास्तव भाग ३ आणि काल्पनिक भाग ४ आहे. काल्पनिक भाग ‘४इ’ नव्हे. ब = ० असल्यास संख्या वास्तव ठरते, म्हणून प्रत्येक वास्तव संख्या ही संमिश्र संख्याही असते. अ = ० असून ब शून्य नसेल, तर तिला शुद्ध काल्पनिक संख्या म्हणतात. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत संमिश्र संख्येसाठी ‘सदसत् संख्या’ ही संज्ञा आढळते; ‘सत्’ म्हणजे वास्तव आणि ‘असत्’ म्हणजे काल्पनिक, असा तिचा विग्रह होतो.

दोन संमिश्र संख्यांचे वास्तव भाग परस्परांशी आणि काल्पनिक भाग परस्परांशी समान असतील, तेव्हा आणि तेव्हाच त्या संख्या समान असतात. त्यामुळे संमिश्र संख्यांमधील एक समीकरण म्हणजे वास्तव संख्यांमधील दोन समीकरणे होत. समीकरणे सोडविताना या नियमाचा वारंवार उपयोग होतो.

इ चे घात

इ चे घात चारच्या आवर्तनाने पुन्हा पुन्हा येतात : इ¹ = इ, इ² = −१, इ³ = −इ, इ⁴ = १. म्हणून इ चा कोणताही मोठा घात काढताना घातांकाला ४ ने भागून केवळ बाकी पाहावी. इ चा १०३ वा घात काढावयाचा असल्यास १०३ ला ४ ने भागून बाकी ३ उरते, म्हणून उत्तर इ³ म्हणजे −इ असे येते.

बेरीज आणि वजाबाकी

वास्तव भागात वास्तव भाग आणि काल्पनिक भागात काल्पनिक भाग मिळविला की बेरीज होते. वजाबाकीचा नियमही तसाच आहे.

(३ + ४इ) + (१ − २इ) = ४ + २इ
(३ + ४इ) − (१ − २इ) = २ + ६इ

गुणाकार

दोन द्विपदींचा गुणाकार ज्या रीतीने करतात, त्याच रीतीने हा गुणाकार करावा आणि जेथे इ² येईल तेथे −१ लिहावे.

(३ + ४इ)(१ − २इ) = ३ − ६इ + ४इ − ८इ² = ३ − २इ + ८ = ११ − २इ

सामान्य सूत्र असे आहे :
(अ + ब·इ)(क + ड·इ) = (अक − बड) + (अड + बक)·इ

अनुबद्ध संख्या आणि केवलमूल्य

अ + ब·इ आणि अ − ब·इ या परस्परांच्या अनुबद्ध संख्या होत. त्यांची बेरीज २अ आणि गुणाकार अ² + ब² असतो. म्हणजे दोन्ही उत्तरे वास्तव येतात. अ² + ब² च्या धन वर्गमुळाला त्या संख्येचे केवलमूल्य म्हणतात. ३ + ४इ चे केवलमूल्य √(९ + १६) = ५ आहे.

गुणाकाराचे केवलमूल्य हे केवलमूल्यांच्या गुणाकाराइतके असते. वरील उदाहरणात ३ + ४इ आणि १ − २इ यांच्या केवलमूल्यांचे वर्ग अनुक्रमे २५ आणि ५ आहेत, तर ११ − २इ च्या केवलमूल्याचा वर्ग १२१ + ४ = १२५ आहे. गुणाकार तपासून पाहण्याची ही सोपी रीत आहे. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येतो, हा नित्यसमानतेचा नियम यामागे आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात याहून व्यापक नियम दिला होता. त्यात संमिश्र संख्यांचा संबंध अर्थातच नव्हता.

भागाकार

भागाकारासाठी अंश आणि छेद या दोहोंना छेदाच्या अनुबद्ध संख्येने गुणावे, म्हणजे छेद वास्तव होतो. करणींच्या अभ्यासात छेदाचे परिमेयीकरण करण्याची जी रीत शिकविली जाते, तीच ही रीत होय.

(३ + ४इ) / (१ − २इ) = (३ + ४इ)(१ + २इ) / (१ + ४) = (−५ + १०इ) / ५ = −१ + २इ

ताळा : (−१ + २इ)(१ − २इ) = −१ + २इ + २इ + ४ = ३ + ४इ.

शून्येतर संख्येचे केवलमूल्य कधीही शून्य नसते. म्हणून प्रत्येक शून्येतर संमिश्र संख्येला गुणाकार व्यस्त असतो. क्रमनिरपेक्षता, साहचर्य आणि वितरण हे वास्तव संख्यांचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडतात. त्यामुळे बीजगणितातील विस्तार सूत्रे, अवयव पाडण्याच्या रीती आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर समान क्रिया करण्याची मुभा यांत कोणताही बदल करावा लागत नाही.

वर्गमूळ

संमिश्र संख्येचे वर्गमूळही संमिश्र संख्याच असते. ३ + ४इ चे वर्गमूळ प + फ·इ मानल्यास

प² − फ² = ३ आणि २पफ = ४

ही दोन वास्तव समीकरणे मिळतात. केवलमूल्यांवरून प² + फ² = ५ हे तिसरे समीकरण मिळते. पहिल्या आणि तिसऱ्या समीकरणांवरून प² = ४ आणि फ² = १. पफ हा गुणाकार धन असल्यामुळे प आणि फ यांची चिन्हे सारखी असली पाहिजेत. म्हणून वर्गमुळे २ + इ आणि −२ − इ ही आहेत.

भौमितिक अर्थ आणि ध्रुवीय रूप

अ + ब·इ ही संख्या प्रतलावर (अ, ब) या बिंदूने दर्शवितात. आडव्या अक्षावर वास्तव संख्या आणि उभ्या अक्षावर शुद्ध काल्पनिक संख्या येतात. बिंदूचे आरंभबिंदूपासूनचे अंतर म्हणजे केवलमूल्य होय. अनुबद्ध संख्या ही आडव्या अक्षातील प्रतिबिंब असते, तर बेरीज ही सदिशांच्या बेरजेप्रमाणे समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने मिळते.

बिंदूचे अंतर र आणि आडव्या धन अक्षाशी होणारा कोन थ असेल, तर संख्या र(कोसाइन थ + इ·साइन थ) अशी लिहिता येते. यास ध्रुवीय रूप म्हणतात. या रूपातील दोन संख्यांचा गुणाकार करताना अंतरांचा गुणाकार आणि कोनांची बेरीज करावी लागते. इ चे केवलमूल्य १ आणि कोन ९०° आहे. म्हणून इ ने गुणणे म्हणजे बिंदूला आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने काटकोनातून फिरविणे होय. असे दोनदा केले की १८०° चे परिभ्रमण होऊन १ चा बिंदू −१ वर येतो. ‘इ² = −१’ या विधानाचा हाच भौमितिक आशय आहे; त्यात गूढ असे काही नाही.

घात काढताना केवलमूल्याचा तो घात घ्यावा आणि कोनाला घातांकाने गुणावे. हा नियम द म्वाव्र यांच्या नावाने ओळखला जातो. १ + इ चे केवलमूल्य √२ आणि कोन ४५° आहे. तिच्या आठव्या घाताचे केवलमूल्य १६ आणि कोन ३६०° येतो, म्हणून तो घात म्हणजे १६ ही वास्तव संख्या होय. पायरीपायरीनेही हेच मिळते : (१ + इ)² = २इ, त्याचा वर्ग −४ आणि त्याचा वर्ग १६.

समीकरणांची उकल

रेषीय समीकरणे : ही नेहमीच्या रीतीने सोडवितात. (१ − २इ)क्ष + ४ = ७ + ४इ या समीकरणात ४ पलीकडे नेल्यावर (१ − २इ)क्ष = ३ + ४इ असे मिळते, आणि वर केलेल्या भागाकारावरून क्ष = −१ + २इ.

समीकरणात अज्ञात संख्येबरोबर तिची अनुबद्ध संख्याही येत असेल, तर भाग वेगळे करावे लागतात. एका संख्येची दुप्पट आणि तिची अनुबद्ध संख्या यांची बेरीज ९ + ४इ आहे, असे समजा. संख्या अ + ब·इ मानल्यास बेरीज ३अ + ब·इ होते. म्हणून ३अ = ९ आणि ब = ४; संख्या ३ + ४इ.

वास्तव सहगुणकांची वर्गसमीकरणे : विवेचक ऋण असलेल्या वर्गसमीकरणाला ‘मुळे वास्तव नाहीत’ असे म्हणून शालेय गणित थांबते. संमिश्र संख्यांमध्ये तेच सूत्र पुढे चालविता येते. क्ष² − ६क्ष + १३ = ० या समीकरणाचा विवेचक ३६ − ५२ = −१६ आहे. −१६ ची वर्गमुळे ४इ आणि −४इ असल्यामुळे

क्ष = (६ ± ४इ) / २ = ३ ± २इ.

मुळांची बेरीज ६ आणि गुणाकार ९ + ४ = १३ येतो; सहगुणकांशी हा संबंध जुळतो. सहगुणक वास्तव असतील तर वास्तव नसलेली मुळे नेहमी अनुबद्ध जोड्यांनी येतात. विषम कोटीच्या वास्तव समीकरणाला किमान एक वास्तव मूळ असते, ते याच कारणाने.

संमिश्र सहगुणकांची वर्गसमीकरणे : सूत्र तेच राहते, मात्र विवेचकाचे वर्गमूळ वर दिलेल्या रीतीने काढावे लागते. क्ष² − (४ + ३इ)क्ष + (१ + ५इ) = ० हे समीकरण घ्या.

विवेचक = (४ + ३इ)² − ४(१ + ५इ) = ७ + २४इ − ४ − २०इ = ३ + ४इ

३ + ४इ ची वर्गमुळे ±(२ + इ) आहेत, म्हणून

क्ष = (४ + ३इ + २ + इ) / २ = ३ + २इ किंवा क्ष = (४ + ३इ − २ − इ) / २ = १ + इ.

ही दोन मुळे परस्परांच्या अनुबद्ध नाहीत. अनुबद्ध जोडीचा नियम केवळ वास्तव सहगुणकांनाच लागू होतो, हे येथे दिसते.

एकाची घनमुळे : क्ष³ = १ या समीकरणाचे (क्ष − १)(क्ष² + क्ष + १) = ० असे अवयव पडतात. त्यावरून १, (−१ + √३·इ)/२ आणि (−१ − √३·इ)/२ ही तीन मुळे मिळतात. त्यांची बेरीज शून्य असून प्रतलावर ती एका समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर येतात. सामान्यतः एकाची न-वी मुळे एकक वर्तुळाचा परीघ न समान भागांत विभागतात.

क्ष⁴ + ४ = ० : (१ + इ) चा चौथा घात −४ आहे, हे वर आलेच आहे. एक मूळ मिळाले की ते क्रमाने इ ने गुणून उरलेली तीन मुळे मिळतात. अशा प्रकारे १ + इ, −१ + इ, −१ − इ आणि १ − इ ही चार मुळे एका चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात.

बीजगणिताचे मूलभूत प्रमेय

संमिश्र सहगुणक असलेल्या न कोटीच्या बहुपदीला, पुनरावृत्त मुळे तितक्या वेळा मोजल्यास, बरोबर न संमिश्र मुळे असतात. समीकरणांसाठी संख्याव्यवस्था आणखी वाढविण्याची गरज उरत नाही, हा या प्रमेयाचा अर्थ होय. मुळे अस्तित्वात असणे आणि ती सूत्राने काढता येणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. पाचव्या कोटीच्या सामान्य समीकरणाला, केवळ चार मूलभूत क्रिया आणि मूळ काढणे यांनी बनलेले सूत्र असू शकत नाही, हे नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केले. अशा समीकरणांची मुळे बहुधा अंकीय पद्धतींनी, आसन्न मूल्यांत काढली जातात.

इतिहास

ऋण संख्येला वर्गमूळ नाही, हे भारतीय गणितज्ञांनी स्पष्टपणे नोंदविले होते. नवव्या शतकातील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात ऋण राशी स्वभावतःच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही, असे कारण दिले. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात हेच मत मांडले. (भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या विद्यापीठाचा उल्लेख असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.) वास्तव संख्यांपुरते हे विधान आजही सत्य आहे.

वर्गसमीकरणामुळे नव्या संख्या मानण्याची सक्ती होत नव्हती. ‘उत्तर नाही’ असे म्हणून गणितज्ञांना थांबता येत असे. ही सक्ती केली ती घनसमीकरणाने. इटलीतील जेरोलामो कार्दानो यांनी १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात घनसमीकरणाच्या उकलीची रीत प्रसिद्ध केली. त्याच ग्रंथात १० चे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार ४० होईल, हे उदाहरण आहे. त्याची उत्तरे ५ + √−१५ आणि ५ − √−१५ अशी देऊन कार्दानो यांनी ती सूक्ष्म तितकीच निरुपयोगी ठरविली.

खरी अडचण क्ष³ = १५क्ष + ४ यासारख्या समीकरणांत होती. ४ हे याचे मूळ आहे, हे पाहताक्षणी कळते. (क्ष − ४)(क्ष² + ४क्ष + १) = ० या अवयवांवरून उरलेली मुळे −२ + √३ आणि −२ − √३ मिळतात; म्हणजे तिन्ही मुळे वास्तव आहेत. तथापि सूत्राने उत्तर काढू गेल्यास ते २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमुळांची बेरीज असे येते. उत्तर वास्तव, पण तेथे जाण्याची वाट ऋण संख्येच्या वर्गमुळातून जाणारी, असा हा पेच होता. राफाएल बोम्बेल्ली यांनी १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बीजगणितात या राशींचे अंकगणिताचे नियम मांडून तो सोडविला. आजच्या चिन्हांत (२ + इ)³ = ८ + १२इ − ६ − इ = २ + ११इ. म्हणून ती घनमुळे २ + इ आणि २ − इ असून त्यांची बेरीज ४ होते.

‘काल्पनिक’ हे नाव रने देकार्त यांनी १६३७ मध्ये वापरले. लेओनार्ड ऑयलर यांनी १७७७ मध्ये काल्पनिक एककासाठी स्वतंत्र अक्षर योजिले. कास्पर वेसेल या नॉर्वेत जन्मलेल्या मोजणीदाराने १७९७ मध्ये, तर झां-रोबेर आर्गां यांनी १८०६ मध्ये, स्वतंत्रपणे भौमितिक निरूपण मांडले. कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी १७९९ च्या प्रबंधात मूलभूत प्रमेयाची सिद्धता दिली आणि १८३१ मध्ये ‘संमिश्र’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. या संख्यांभोवतीचे गूढ बव्हंशी अयोग्य नावांमुळे निर्माण झाले आहे, असे गाउस यांचे मत होते. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८३० च्या दशकात संमिश्र संख्येची व्याख्या वास्तव संख्यांची क्रमित जोडी अशी केली. (०, १) या जोडीला गुणाकाराच्या सूत्राने स्वतःशीच गुणले असता (−१, ०) ही जोडी मिळते. अशा रीतीने वास्तव संख्यांवर विश्वास असलेल्याला संमिश्र संख्यांबद्दल शंका घेण्यास जागा उरली नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

√अ × √ब = √(अब) हा नियम अ आणि ब दोन्ही ऋण असताना लागू होत नाही. √−४ × √−९ चे उत्तर √३६ = ६ असे लिहिणे चूक आहे; २इ × ३इ = −६ हे बरोबर आहे. ऋण संख्येचे वर्गमूळ प्रथम इ च्या रूपात लिहून मगच गुणाकार केल्यास ही चूक टळते.

दुसरी चूक लहान-मोठेपणाची. अंकगणिताचे नियम कायम ठेवून संमिश्र संख्यांना लहान-मोठा क्रम लावता येत नाही. इ > ० मानल्यास दोन्ही बाजूंना इ ने गुणून −१ > ० मिळते; इ < ० मानल्यास −इ > ० होते आणि (−इ)² म्हणजे पुन्हा −१ > ० मिळते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. म्हणून ३ + ४इ ही १ − २इ पेक्षा ‘मोठी’ आहे असे म्हणता येत नाही; त्यांच्या केवलमूल्यांची तुलना मात्र करता येते.

तिसरी चूक केवलमूल्य काढताना होते. ३ + ४इ साठी ३² + (४इ)² असे लिहिल्यास −७ हे निरर्थक उत्तर येते. केवलमूल्यात काल्पनिक भागाचा, म्हणजे ४ चा वर्ग घ्यावयाचा असतो.

उपयोजन

प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाच्या मंडलांचे गणित संमिश्र संख्यांनी सुलभ होते. ही पद्धत चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये विस्ताराने मांडली. समजा, एका मंडलात ३ ओहम रोध असून वेटोळ्यामुळे ४ ओहम अवरोध होतो. मंडलाचा एकूण संरोध ३ + ४इ ओहम असा लिहितात. १० व्होल्ट दाब दिल्यास प्रवाह १० / (३ + ४इ) = १.२ − १.६इ अँपिअर येतो. त्याचे केवलमूल्य २ अँपिअर असून त्याच्या कोनावरून प्रवाह दाबाच्या सुमारे ५३° मागे आहे, हे कळते. परिमाण आणि मागे-पुढे असणे या दोन्ही गोष्टी एकाच भागाकारातून मिळतात. विद्युत अभियांत्रिकीत प्रवाहाच्या चिन्हाशी गोंधळ होऊ नये म्हणून काल्पनिक एककासाठी निराळे अक्षर वापरण्याचा प्रघात आहे.

संदेश-प्रक्रिया, नियंत्रण प्रणाली, द्रवगतिकी आणि कंपनांचा अभ्यास यांतही संमिश्र संख्यांचा नित्य उपयोग होतो. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या पुंज यामिकीच्या समीकरणात तर काल्पनिक एकक प्रत्यक्षच येतो.